मामांच्या चालीचा दाखला

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे सगळ्यांच्या माझ्याकडून अपेक्षा होत्या, फक्त त्या नेमक्या कोणत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांना वाटे, मी आता कोर्टाचे कागद वाचून दाखवीन. आईला वाटे, मला ताप कधी येणार नाही, कारण मी सायन्सला होतो. मला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, पण हे मी मोठ्यानं म्हणत नसे. आमच्या गावात, किकवीत, असं काही मोठ्यानं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी लोक दारात जनावरं दाखवायला घेऊन येतात.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी पुण्याहून इंटरची परीक्षा देऊन घरी आलो, आणि आठवडाभरानं कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून भोरला गेलो. तिथे एका डॉक्टरांनी भाड्याच्या जागेत नवा दवाखाना थाटला होता. लढाईच्या काळात ते फौजेच्या इस्पितळात होते, आणि हातपाय मोडलेल्या जवानांना पुन्हा चालतं करणं हे त्यांचं काम होतं. त्यांना सुट्टीपुरता एक लिहिणारा हवा होता. अक्षर चांगलं असावं, इंग्रजी यावं आणि फार बोलू नये, अशा त्यांच्या तीन अटी होत्या. तिसरी मी जन्मापासून पाळत आलो होतो.

आमच्या भागात पाय मोडायला लढाईची गरज नव्हती. हिरडे झोडायला झाडावर चढलेला माणूस पडे, कड्यावर गवत कापणारा घसरे, कुणाला बैल तुडवी. हाडवैद्य कामट्या बांधून हाड जुळवत, आणि माणूस उठून कसाबसा चालू लागला की त्याला बरा झाला असं सगळे म्हणत. डॉक्टरांना हे मान्य नव्हतं. हाड जुळलं म्हणजे निम्मं काम झालं, त्या पायाला चालायला शिकवणं हे उरलेलं निम्मं, असं ते म्हणत. आणि शिकवायच्या आधी चूक कुठे आहे ते दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यांना यंत्र लागत नव्हतं. स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "हेच यंत्र. माणूस जिभेनं खोटं बोलेल, पायानं नाही बोलणार."

दवाखान्याच्या पडवीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी चुन्याची एक सरळ रेघ मारून घेतली होती. रोग्यानं त्या रेघेवरून तीनदा जायचं आणि तीनदा यायचं. डॉक्टर एकदा समोर बसत, एकदा बाजूला, एकदा मागे. मी मांडीवर वही घेऊन ते सांगतील ते लिहीत असे. वहीत आठ रकाने होते: टाच आधी टेकते की चवडा, गुडघा किती वाकतो, दोन्ही पावलं सारखी पडतात का, कंबर कुठे खचते का, धड झुकतं का, हात हलतात का, नजर कुठे असते, आणि वळताना काय होतं.

मला हे सगळं फार थोर वाटलं. इतकी वर्षं मी माणसं चालताना पाहिली होती आणि माझ्या काही ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नमुना म्हणून मलाच रेघेवरून चालवलं. मी नुकतेच घेतलेले पंपशू काढून अनवाणी चाललो. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या पायात दोष नाही. पण तू माफी मागत चालतोस." मी माफी मागितली.

पुढच्या दिवसांत मी जे लिहिलं ते आज आठवलं की मान खाली जाते. पण खरं ते सांगितलं पाहिजे.

शिवऱ्याहून एक सून आली. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती, पण आता पाय बरा दिसत होता. सोबत सासरा आला होता आणि तो पडवीच्या मध्यावर भिंतीशी बाकावर बसला. सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून, कमरेत वाकून, भिंतीच्या कडेनं चालू लागली आणि बाकाच्या अलीकडे दोन हातांवर थांबली. डॉक्टरांनी पुढे जायला सांगितलं. ती जागची हलली नाही. तिन्ही वेळा तेच झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मी लिहिलं: धड पुढे झुकतं, नजर जमिनीवर, आठ पावलांनंतर थकवा. आता सासऱ्याच्या समोरून सून कशी जाईल? किकवीतलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. मीही सांगू शकलो असतो. पण मला वाटलं, डॉक्टर फौजेतून आलेत, त्यांनी इतके पाय पाहिलेत, तेव्हा या थकव्यामागे मला न कळणारं काही शास्त्र असेल. मग सासरा पाणी प्यायला उठून बाहेर गेला आणि ती सून सरळ उभी राहून टोकापर्यंत गेली आणि परतही आली. डॉक्टर तेव्हा आत हात धूत होते.

वरच्या वाडीतला एक धनगर आला. काठी मानेवर आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावरून लोंबते सोडून तो चालत असे. डॉक्टरांनी काठी काढून ठेवायला लावली. त्यानं ठेवली, पण हातांचं काय करायचं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मानेमागे गुंफले आणि तसाच तो रेघेवरून गेला. हात: हलत नाहीत, दोन्ही. हेही मी लिहिलं.

पण खरा शोध लागला तो वेल्ह्याकडच्या माणसांत. तिकडून एकामागून एक पाच जण आले. कुणाचा घोटा, कुणाची नडगी. पाचही जण गुडघा वर उचलून पाऊल टाकत, नजर खाली, पाऊल सपाट आणि जपून. डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहिले. दोन माणसांची दुखणी वेगवेगळी असतील तर चालही वेगळी असली पाहिजे, आणि इथे पाच जणांची एकच चाल होती. तिकडे कुठलातरी ज्ञानतंतूंचा आजार पसरलेला असावा असा त्यांना संशय आला. त्यांनी त्याला 'वेल्ह्याची चाल' असं नाव दिलं आणि मुंबईच्या वैद्यकीय मासिकासाठी लेख लिहायला घेतला. त्याची सुवाच्य प्रत मी करत होतो.

त्या पाचांपैकी एक जण अंगणात वहाणा घालताना मला म्हणाला होता, "लई गुळगुळीत हाय ओ तुमची फरशी. पाय ठरना. पडलो तर दुसराबी मोडंल." दवाखान्याची फरशी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसली जात असे. ती माणसं भाताच्या खाचरांतून आणि दगडगोट्यांतून चालणारी. आयुष्यात पहिल्यांदा अशा फरशीवर उभी राहिली होती. हे मला कळलं. पण लेखाची तोवर चार पानं झाली होती, आणि अक्षर खरोखरच चांगलं आलं होतं.

अशात माझ्या मामांची पाळी आली.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, पासलीचे. ते टपालाचे रनर होते. वेल्ह्याहून टपालाची थैली पाठीवर घ्यायची आणि डोंगरवाटेनं पळत पासलीपर्यंत न्यायची, वाटेतल्या गावांना पत्रं पोचवायची आणि परतीचं टपाल घेऊन पुन्हा वेल्ह्याला यायचं, हे त्यांचं काम. हातात घुंगरं लावलेली काठी असे. घुंगरं ऐकू आली की बायका चुलीपुढून उठून उंबऱ्यात येत. मामांना वाचता येत नव्हतं, पण कुणाचं पत्र कुणाकडून आलंय हे ते पाकिटावरच्या अक्षराच्या वळणावरून सांगत. मला हायस्कुलात घालायला वडिलांना त्यांनीच भरीला घातलं होतं. ज्या घराला पत्र येतं त्या घरातलं कुणीतरी शिकलेलं असतं, एवढंच त्यांचं कारण होतं.

गेल्या पावसाळ्यात ओढा ओलांडताना मामा शेवाळावरून घसरले. थैली भिजू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ती डोक्यावर धरली, त्यामुळे सावरता आलं नाही आणि डाव्या पायाची नडगी मोडली. थैली कोरडी राहिली. हाडवैद्यानं पाय बांधला, हाड जुळलं, पण पाय दीड बोट आखूड झाला. मग वेल्ह्याच्या एका कारागिरानं त्यांच्या डाव्या वहाणेला खालून कातड्याचे तीन थर जास्तीचे शिवून दिले. ती वहाण घातली की मामा पूर्वीसारखे चालत. शिमग्याला मी पासलीला गेलो होतो तेव्हा माझ्यापुढे चढ चढून दाखवला होता त्यांनी. काढली की मात्र लचकत.

त्यांच्या जागी भावकीतला एक तरणा गडी तात्पुरता थैली नेत होता. मामांना परत कामावर घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला आणा, असं टपालाच्या वरच्या साहेबांचं पत्र आलं. पत्रात प्रश्न एकच होता: हा माणूस वेल्हे ते पासली वेळेवर थैली नेऊ शकेल का? सोबत एक छापील कागद होता, त्यात शेवटी 'चाल' असा एक लहान रकाना होता.

मामा दीड दिवस चालून भोरला आले. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्यांनी मला अंगणात गाठलं आणि बजावलं की मी त्यांचा भाचा आहे हे डॉक्टरांना कळता कामा नये. उद्या कुणी म्हणायला नको की भाच्यानं मामाला पास केलं. मी म्हणालो, मी फक्त लिहितो. ते म्हणाले, तेच बरं. मग म्हणाले, "खाचरं हायेत, तुजी मामी हाय, पोटाचं काय म्या म्हणत न्हाई. पर थैली दुसऱ्याच्या पाठीव बघवत न्हाई. त्यो गडी दारावरनं जातो तवा म्या उठून आत जातो."

मामांचा नंबर आला. त्यांनी पायऱ्यांखाली वहाणा काढल्या, अंगरखा नीट केला आणि वर आले. मला त्यांनी "रामराम साहेब" केलं. मी मान खाली घालून वही उघडली.

आमच्याकडे वडीलधाऱ्यापुढे, साहेबापुढे, देवापुढे वहाणा काढतात. यात काही विचार करायचा असतो असंच आम्हांला कधी वाटलेलं नसतं. दवाखान्यात आलेल्या एकाही माणसानं पडवीत वहाण आणली नव्हती. डॉक्टरांना ते सोयीचं होतं, कारण त्यांच्या पुस्तकातही चाल अनवाणी तपासावी असं लिहिलेलं होतं. मामा वहाणा काढताहेत हे मी पाहिलं, त्याचा अर्थ काय होणार हे मला समजलं, आणि तरी मी टाक दौतीत बुडवला. बोललो असतो तर तो वशिला झाला असता.

"रोज चालता तसे चाला," डॉक्टर म्हणाले.

"रोज चालत न्हाई, साहेब. पळतो."

"इथे चाला."

मामा चालले. एक तर फरशी, त्यात समोर डॉक्टर, तेव्हा जितकं सावकाश आणि अदबीनं चालता येईल तितकं चालले. दर दोन पावलांमागे डावीकडे खचत होते. डॉक्टर सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. पावलं सारखी नाहीत. कंबर डावीकडे खचते. धड उजवीकडे झुकतं. वळताना तोल जातो. माझ्या हातून इतकं सुंदर अक्षर पुन्हा कधी उतरलं नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं जुळलंय. घरची कामं करता येतील. पण डोंगरातून थैली न्यायचं काम आता झेपणार नाही. तसं लिहावं लागेल." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं कळत होतं.

मामा म्हणाले, "बरं." आणि नमस्कार करून पायऱ्यांकडे निघाले.

मी कसा बोललो ते मला अजून सांगता येत नाही. मी उभा राहिलो, वही मांडीवरून खाली पडली आणि मी म्हणालो, "साहेब, वहाण."

"काय?"

"त्यांची डावी वहाण जाड आहे, साहेब. तीन थर आहेत. ती घातली की... म्हणजे मी पाहिलंय. आणि ते माझे मामा आहेत."

डॉक्टर पायऱ्या उतरले आणि त्यांनी ती वहाण हातात उचलली. पडवीत बसलेली माणसं माना उंचावून पाहू लागली. डॉक्टरनं कुणाची तरी वहाण उचललेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मामा तर कळवळले. "अवो साहेब, हात नगा लावू. खाली ठिवा."

डॉक्टरांनी वहाण उलटसुलट करून पाहिली, थर बोटानं मोजले, टाचेकडचा उतार पाहिला. फौजेच्या इस्पितळात असं काम करणारे कारागीर असतात, ते इतकं नीट करत नाहीत, असं म्हणाले. मग वहाण मामांपुढे ठेवून त्यांनी सांगितलं की या दोन्ही घाला आणि पुन्हा रेघेवरून चाला.

मामांनी वहाणेकडे पाहिलं, मग पडवीकडे. "हितं?"

"हो, इथेच."

"तुमच्या म्होरं?"

"माझ्यापुढेच चालायचंय. मी पाहणार आहे."

"ते न्हाई जमायचं, साहेब."

डॉक्टरांना वाटलं पाय दुखत असेल. त्यांनी समजावून सांगितलं की यात अपमान नाही, फौजेत तर बूट घालूनच साहेबापुढे उभं राहतात. मामा म्हणाले, फौजेचं फौजेत. ते वीस वर्षं टपालात होते, पोस्टमास्तरांपुढे कधी वहाणा घालून उभे राहिले नव्हते, आणि पोस्टमास्तर तर वयानं लहान होते. डॉक्टरांचा आवाज चढला. ते म्हणाले, "अहो, तुमचं काम जाईल."

"जाऊ द्या," मामा म्हणाले. "पर भोरात जाऊन डाक्टरच्या तोंडाम्होरं वहाणा वाजवून आला, हे पासलीत ऐकाया नगं."

बाकावरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांना मामांचं म्हणणं पटलं होतं. मलाही पटलं होतं, हे मला लपवता येत नाही.

मामांनी वहाणा हातात घेतल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि अनवाणीच फाटकापर्यंत लचकत गेले. त्या पाहण्यात राग होता. त्यांची जाड वहाण मी चार माणसांत उघडी पाडली होती. फाटकाबाहेर जाऊन त्यांनी वहाणा पायात घातल्या आणि ते वाटेला लागले.

डॉक्टर तिथेच उभे होते. मामा वळणाआड गेले तसे ते मला म्हणाले, "वही घे. चल."

मग आम्ही मामांच्या मागे निघालो. डॉक्टर बूट घालून पुढे, मी वही आणि टाक-दौत घेऊन मागे. दौतीतली शाई माझ्या धोतरावर सांडत होती. आपण लपून पाहत आहोत हे रोग्याला कळता कामा नये, नाहीतर चाल बदलते, असं डॉक्टरांनी बजावलं, त्यामुळे आम्ही बाभळींच्या आडून जात होतो. गावाबाहेर चढ सुरू झाला. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजलेली काळी शेतं दोन्हीकडे आणि मधून पायवाट. मामा पुढे जात होते.

"टाच आधी टेकते की चवडा?" डॉक्टरांनी विचारलं.

"धुरळा उडतोय, साहेब. दिसत नाही."

"कंबर खचते का?"

"अंगरख्यात आहे, साहेब."

"नजर कुठे आहे?"

"पाठमोरे आहेत."

डॉक्टरांनी चालायचा वेग वाढवला. थोड्या वेळानं ते विचारेनासे झाले, कारण विचारायला दम लागतो. मामांचं आणि आमचं अंतर वाढतच गेलं. मग ते टेकाडाच्या माथ्यावर एकदा उभे दिसले, आणि पलीकडे उतरले. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा खालच्या वाटेवर कुणी नव्हतं.

डॉक्टर एका दगडावर बसले आणि त्यांनी उजवा बूट काढला. करंगळीला फोड आला होता. तो त्यांनी बोटानं दाबून पाहिला. मग म्हणाले, "हे वहाणेचं तुला आधी ठाऊक होतं?"

"हो."

"आणखी काय काय ठाऊक आहे?"

मी सांगितलं. सून आणि सासरा, धनगराची काठी, ओली फरशी आणि वेल्ह्याचे पाच जण. सांगताना मला वाटत होतं ते मला तिथूनच घरी पाठवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आधी का बोलला नाहीस. मी म्हणालो, "तुमच्यापुढे कसं बोलायचं, साहेब."

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. बूट पुन्हा पायात चढवून उठले.

परत येताना ते लंगडत होते. दवाखान्यात माणसं तशीच बसून होती. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा सगळे डॉक्टरांच्या पायांकडे पाहू लागले, बैलबाजारात पाहतात तसे. एक म्हातारा म्हणाला, गुडघा गेला. दुसरा म्हणाला, गुडघा नव्हे, घोटा. तो धनगर पुन्हा दाखवायला आला होता आणि काठी मानेवर टाकून फाटकाशी उभा होता. त्यानं एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "बूट चावलाय. उजव्या करंगळीला. खुरात काटा शिरल्याव शेळी असाच पाय टाकती." डॉक्टरांनी ते ऐकलं. आत गेल्यावर त्यांनी मला ते धनगराचं वाक्य वहीत लिहून ठेवायला सांगितलं. वेल्ह्याच्या चालीवरचा लेख त्या दिवसापासून टेबलाच्या खणात गेला. तो पुढे कधी बाहेर आला की नाही, मला माहीत नाही.

दाखला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. हा माणूस वेल्हे ते पासली वेळेवर थैली नेऊ शकेल, असं पहिलं वाक्य होतं. खाली त्यांनी लिहिलं की चालीचं बारकाईनं निरीक्षण करता आलं नाही, कारण तपासणारा मागे पडला.

पंधरा दिवसांनी तो कागद टपालखात्याकडून परत आला. 'चाल' हा रकाना कोरा आहे, तो एका शब्दात भरून पाठवावा. जागा खरोखरच एका शब्दापुरती होती. डॉक्टर त्या दिवशी एका बाईच्या मांडीचं हाड पाहण्यात गुंतले होते. ते म्हणाले, तूच भर, तूच पाहिली आहेस, मी सही करतो.

मी तासभर तो कागद पुढे घेऊन बसलो. 'उत्तम' लिहावं असं मनात आलं, पण भाच्यानं मामाला उत्तम लिहिणं बरं दिसेना. 'लंगडी' लिहिलं तर अनवाणी ते खरंच होतं, आणि वहाणा घातल्यावर खोटं. 'ठीक' हा शब्द मला फार मोघम वाटला. शेवटी मी 'बरी' लिहिलं आणि ते टीपकागदानं दोनदा टिपून घेतलं. आठ रकान्यांची वही भरून जे ठरलं नव्हतं ते त्या दोन अक्षरांवर ठरलं. वरून काही विचारणा आली नाही. मामांना कामावर घेतल्याचा हुकूम निघाला.

हुकूम पासलीला पोचला तो अर्थातच त्या तरण्या गड्याच्या पाठीवरच्या थैलीतून. मी रजा घेऊन आधीच तिथे गेलो होतो, कारण कागद वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. मामांनी मला "ये" म्हटलं, पण त्याच्या पुढे काही म्हटलं नाही. मी हुकूम वाचून दाखवला. सोबत दाखल्याची नक्कल होती, तीही वाचली. तपासणारा मागे पडला, हे ऐकून मामांनी तोंड वाकडं केलं.

"मागं पडला म्हंजी? म्या थांबत थांबतच चाललो हुतो. मागं डाक्टर दम टाकत येतोय, त्या बाभळीआडनं, समदं दिसत हुतं. वडीलधारं माणूस मागं आन् म्या म्होरं पळू व्हय? टेकाडावर उभाबी ऱ्हायलो. म्हटलं, येऊ द्या." मग त्यांनी विचारलं, "खाली काय लिवलंय?"

"चाल, बरी."

"बरी?"

"हो."

"नुसती बरी?"

मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"कुनी लिवली?"

मी खरं सांगितलं. मामांनी कागदाची घडी घातली आणि ती टोपीत ठेवली. मला म्हणाले की परका लिहिणारा असता तर 'चांगली' तरी लिहिली असती, घरचा होता म्हणून बरीवर भागलं. मी वशिल्याचं, निःपक्षपातीपणाचं काहीतरी सांगू लागलो, पण तोवर त्यांनी वहाणा चढवल्या होत्या. तरण्या गड्याकडून थैली घेतली, काठी घेतली, घुंगरं एकदा हलवून पाहिली. मी ओढ्यापर्यंत सोबत येतो म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं, आणि ते गेले.

मी पुण्याला परत गेलो तेव्हाही त्यांचा अबोला तसाच होता. नागपंचमीला आई माहेरी जाऊन आली आणि तिनं मामीचा निरोप कळवला. निरोप असा होता की राग अजून गेला नाही, पण पत्रं वेळेवर येतात.